बाईंसाठी माइक

सोमवार, ३ फेब्रुवारी

जुना माइक गेला.

सकाळी एका जाहिरातीचा आवाज घेत होते आणि मधेच गरम तेलात पाणी पडावं तसा तडतडाट. केबल बदलली — तडतड. दुसऱ्या खोबणीत लावून पाहिली — तडतड. दुपारी दुरुस्तीवाल्याकडे नेला. त्याने जाळी काढली, भिंगातून आत पाहिलं आणि भिंग खाली ठेवलं. "पडदा गेलाय ताई. कंडेन्सर माइकचा जीव तेवढाच असतो, केसाहून पातळ. हा आता कुठे मिळायचा नाही."

बावीस वर्षं वापरला. गेला तो गेला. पण वेळ कुठली साधली बघा — चौदा तारखेला बाईंचं रेकॉर्डिंग!

बाई नऊ वर्षांनी गाणार आहेत. गळ्याचं दुखणं त्यांनी अंगावर काढलं, मग शस्त्रक्रिया, मग वर्षानुवर्षं नुसतं कुजबुजणं. आता सहा गाणी. दोन मोठ्या स्टुडिओंनी बोलावलं होतं. त्यांनी सांगितलं, गायचं तर तिच्याकडेच, तिला कान आहे. 'तिला' म्हणजे मला. वादक मंडळी मला हाकच मारतात 'कान' अशी. मला आवडतं ते, खोटं कशाला बोलू.

अकरा दिवस आहेत. माइक निवडायचा, बाईंच्या आवाजाला बसवायचा. होईल.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

दुकानदार दोन माइक ठेवून गेला. आठ दिवस वापरा, मग सांगा. दोन्ही कंडेन्सर. एक काळा, एक चंदेरी. जाता जाता म्हणाला, "ताई, तुम्ही जो घ्याल तो मी तुमचं नाव सांगून विकतो. लोक दुसरं काही विचारतच नाहीत."

सोबतच्या कागदावर दोघांचे आलेख आहेत. काळ्याची रेघ सरळ, शेवटी जरा उतरलेली. चंदेरीची रेघ वरच्या आवाजांत चांगली उंटाच्या पाठीसारखी उठलेली. म्हणजे 'स', 'श', 'च' उजळ येणार. कदाचित टोचणारही. पण कागद बघून माइक निवडणं म्हणजे पत्रिका बघून सून निवडणं. ऐकल्याशिवाय काही खरं नाही.

बुधवार, ५ फेब्रुवारी

नवऱ्याला माइकसमोर उभं केलं. चष्म्याचं दुकान उघडायला त्याला अजून तास होता. दोन्ही माइक शेजारी शेजारी, एका उंचीवर. म्हटलं, 'स' येईल असं काहीतरी बोल. तर "सासूबाई सकाळी सकाळी साखर सांडतात" हे सात वेळा बोलला. माझ्या आईचा उद्धार करायची संधी तो सोडत नाही.

तो गेल्यावर ऐकायला बसले. काळा. मग चंदेरी. मग पुन्हा काळा.

फरक नाही.

म्हणजे थोडा आहे — चंदेरी किंचित मोकळा वाटतो. पण त्या आलेखाप्रमाणे जमीन-अस्मानाचा हवा! हेडफोन नेहमीसारखाच होता, डाव्या कानावर चढवलेला, उजवी वाटी मागे सरकवलेली. उजवा कान मी माणसांसाठी मोकळा ठेवते. आतून गायक काय म्हणतो, दारावर कोण आलं. डावा कामासाठी. इतक्या वर्षांची सवय.

स्पीकरवर ऐकलं. तिथे काहीतरी वेगळं आहे, पण नेमकं काय ते बोट ठेवून सांगता येईना. आणि स्पीकरवर मी कधीच निवाडा करत नाही, खोली आपलं म्हणणं मधे घालते.

केबल अदलाबदल केल्या. तेच.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

आजही तेच. सर्दी असेल.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

सर्दी नाही.

संगीतकार आला होता. बाईंची सहाही गाणी त्याचीच. चांगलं काम करतो, पण बोलायला लागला की समोरच्याने उशी घेऊन बसावं. दोघांनी हेडफोन लावले आणि मी दोन्ही माइक ऐकवले. चंदेरी सुरू झाला आणि त्याने मान मागे घेतली, डोळ्यांवर कुणी टॉर्च मारावा तशी.

"हा टोचतोय हो. नाही का?"

मी म्हणाले, "हो, टोचतोय."

मला काहीही टोचत नव्हतं.

बावीस वर्षांत इतकी सरळ थाप मी या खोलीत मारली नव्हती. गायकांना कडू बोलले आहे, पैसे देणाऱ्यांना कडू बोलले आहे. आज ह्या बडबड्या माणसापुढे मान डोलावली. चहा दिला, दारापर्यंत सोडलं, आणि परत येऊन खुर्चीत नुसती बसून राहिले.

शनिवार, ८ फेब्रुवारी

आज दार लावून स्वतःची परीक्षा घेतली. संगणकावरून एकेक सूर सोडायचा, खालून वर चढत. हेडफोन, डावा कान. हजार हर्ट्झवर ठणठणीत. तीन हजारावर आहे. चार हजारावर सूर शेजारच्या इमारतीत गेला. सहा हजारावर समोरची रेघ नाचतेय आणि कानात काही नाही. तीन वेळा केलं. तीनदा तेच.

माइक सारखे नाहीत. मीच ऐकत नाहीये.

एक्कावन्न वय. डोळ्यांना चाळिशी लागते, केस पिकतात. कान काय अमरपट्टा घेऊन येतात? हे सगळं मला कळतं. पण डोळे गेले तर नवरा चष्मा लावून देईल. मला कान नसेल तर माझ्याकडे दुसरं काय आहे?

एक छोटी शिट्टीही आहे कानात. वर्ष झालं असेल. मी समजत होते, जुन्या फ्रिजचा आवाज.

रविवार, ९ फेब्रुवारी

घरात बोलले नाही. जेवताना हा म्हणाला, "तू हल्ली टीव्हीच्या आवाजाशी भांडत नाहीस." मी म्हटलं, टीव्ही सुधारलाय.

जिना उतरताना कठडा धरला. झोप नीट झाली नाही म्हणून.

सोमवार, १० फेब्रुवारी

बाई आल्या. एकसष्ट वर्षं, काठीसारख्या ताठ. खोलीत फिरल्या, भिंतीवरच्या जाड कापडावरून हात फिरवला, स्टुलावर बसून पाहिलं.

"हे बघ," म्हणाल्या, "माझा आवाज आता पूर्वीचा नाही. वर जाताना फुटतो. तो लपव असं मी म्हणत नाही. फक्त लोकांच्या कानाला त्रास होईल असं काही बाहेर जाऊ देऊ नकोस. तेवढं तू बघशील म्हणून तुझ्याकडे आले."

तेव्हाच सांगायला हवं होतं. तोंडाशी आलं होतं. मी म्हणाले, "पाणी आणू?"

मग त्यांनी दोन ओळी गायल्या, दोन्ही माइकवर. काळ्यात मला आवाज गोधडी पांघरल्यासारखा वाटला. चंदेरीत जरा उघडा, ओळखीचा. बाई काचेपलीकडून बघत होत्या. "कोणता?" संगीतकाराचं आठवत होतं मला, टोचतोय म्हणाला ते. पण वाटलं, आज त्याच्या कानाने चालले तर उद्यापासून त्याच्याच कानाने चालायचं. एकदा तरी माझ्या कानाला जे वाटतंय ते म्हणते.

"चंदेरी."

"ठरलं मग," म्हणाल्या. पुन्हा ऐकायलाही मागितलं नाही.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

दुकानदाराला कळवलं, चंदेरी. त्याला आनंद झाला. काळा म्हणे सवडीने नेतो.

संगीतकाराचा फोन. "चंदेरी? अहो पण परवा तुम्हीच —" मी म्हणाले, बाईंचा आवाज वेगळा आहे, त्याला चालेल. तो म्हणाला, बरं, तुम्ही म्हणाल तसं. मी फोन उजव्या कानाला धरला होता. हल्ली नेहमी तिकडेच धरते.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

पहिलं गाणं झालं; संगीतकार दुसऱ्या कामात अडकला होता. बाई सव्वातीन तास उभ्या होत्या. एकदा थांबून पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, कसं येतंय? मी म्हटलं, उत्तम.

खरंच उत्तम वाटलं. मधली ओळ ऐकताना मला भरून आलं. गाण्याचं कच्चं मिश्रण करून बाईंना आणि संगीतकाराला पाठवलं. आठवडाभर उगीच जीव टांगणीला लावला होता मी.

शनिवार, १५ फेब्रुवारी

सकाळी संगीतकार. नेहमीसारखा लांबण लावून नाही, एकदम मुद्द्यावर.

"तुम्ही ऐकलंत ना पाठवण्याआधी? प्रत्येक 'स' म्हणजे सुई आहे. वरच्या जागा पत्र्यावर खिळा ओढल्यासारख्या. मी एक वेळ समजू शकतो. पण बाईंनी ऐकलं, नातेवाइकांना ऐकवलं. सून म्हणे उठून आत गेली."

मी विचारलं, बाई काय म्हणाल्या?

"त्या म्हणाल्या, आवाज संपला. नऊ वर्षांनी गंजलं ते गंजलं. तिचा कान खोटं ऐकणार नाही, म्हणजे माझा गळाच असा. उरलेली पाचही गाणी रद्द करा म्हणतात."

तिचा कान खोटं ऐकणार नाही.

बाईंना चार वेळा फोन केला. उचलत नाहीत.

रविवार, १६ फेब्रुवारी

सकाळपासून तोच टेक ऐकत होते. सुया शोधत होते. हेडफोन इतका दाबला की डावा कान दुखायला लागला, म्हणून त्याला जरा आराम द्यायला वाटी काढून उजव्या कानावर ठेवली.

टाचण्यांची डबी फरशीवर उपडी झाली.

प्रत्येक 'स'. प्रत्येक 'च'. वरचा स्वर तर असा की मीच मान मागे घेतली. पुन्हा डाव्या कानावर — गोड, मऊ, उत्तम. उजव्यावर — टाचण्या. मग सोमवारचा काळ्या माइकचा तुकडा काढला, उजव्या कानाने. काय सुंदर आलाय! बाईंच्या आवाजातली ती जराशी खरखर, तीही माणसाची वाटते, पत्र्याची नाही.

आधी हसूच आलं. म्हणजे मी बहिरी नाही, अर्धीच! एक कान तर शाबूत आहे, वाटी इकडची तिकडे केली की झालं काम, कुणाला पत्ता लागायचा नाही. एक निरोपही लिहून काढला बाईंसाठी: "चंदेरी माइकमध्ये दोष निघाला, दुकानदार बदलून देतोय, तुमच्या आवाजात काही बिघाड नाही." तीन ओळी. सगळे सुटत होते त्यात. फक्त दुकानदाराच्या माथी खापर, आणि तोही बिचारा माझं नाव ऐकून निमूट घेईल.

पाठवला नाही. सद्गुण वगैरे काही नाही. "दोष" हा शब्द लिहिला आणि पुढे हात चालेना.

सोमवार, १७ फेब्रुवारी

बाईंकडे गेले. दार सुनेने उघडलं, 'आत्या झोपल्यात' म्हणाली. आतून बाईंचा आवाज आला, "झोपलेली नाही. येऊ दे."

खिडकीजवळच्या खुर्चीत होत्या. बस म्हणाल्या नाहीत. मी उभ्याउभ्याच सांगून टाकलं. डाव्या कानाला वरचं ऐकू येत नाही. दहा दिवस मला माहीत आहे. संगीतकार आधीच म्हणाला होता टोचतोय म्हणून, मी अहंकाराने चंदेरी निवडला. तुमच्या गळ्याला काहीही झालेलं नाही.

त्यांनी खिडकीचं दार लोटून घेतलं. मग म्हणाल्या, "दोन दिवस मी आरशासमोर तोंड उघडून घसा बघतेय. कळतंय का तुला?"

"हो."

"नाही कळत. मी वह्या बांधून ठेवल्या." कोपऱ्यात खरंच वह्यांचा गठ्ठा होता, दोरी बांधलेला. "आणि ती वरची जागा? तिलाही उत्तमच म्हणालीस, ते खरं की तेही डाव्या कानाचं?"

मी म्हटलं, "उजव्या कानाने ऐकली. फुटते."

"किती?"

"थोडी. पण तिसऱ्या वेळी फुटली नव्हती. आपण तो टेक ठेवायला हवा होता."

"मग असं बोल की! उत्तम म्हणालीस तेव्हाच मला शंका यायला हवी होती. बावीस वर्षांत तू मला कधी उत्तम म्हणाली नाहीस."

हसल्या नाहीत. मीही नाही. मग त्यांनी हाताने समोरची खुर्ची दाखवली आणि मी बसले.

"गुरुवारी येते. काळा लाव. संगीतकाराला शेजारी बसव, दोघांनी ऐका. पण त्याआधी कान दाखवून ये. कागद मला दाखवायचा."

मी म्हटलं, वयाचं असतं बाई, एवढं काय त्यात.

"मीही म्हणत होते, थंड पाण्याचं असेल. दोन वर्षं म्हणत होते. मग नऊ वर्षं गप्प बसले." आणि सुनेला हाक मारली, चहा टाक म्हणून. स्वतःच्या कपाला त्यांनी हात लावला नाही.

माफ केलं असं नाही. पण येणार आहेत.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

नवऱ्याला सकाळी सांगितलं. त्याने घास तसाच खाली ठेवला. "दिवसभर परक्यांना 'खालची ओळ वाचा' म्हणतो मी. आणि घरात..." दुकान बंद ठेवून सोबत आला. वाईट वाटलं. मी त्याला दुखवायला म्हणून लपवलं नव्हतं, पण दुखावला तोच.

कानाच्या डॉक्टरीणबाईंकडे एक खोली आहे. जाड दार, भिंतीला कापड, मधे काच. थेट माझी खोली. फक्त आज मी आतल्या बाजूला, कानाला हेडफोन, हातात बटण, आणि काचेपलीकडे दुसरीच कुणीतरी मान खाली घालून नोंदी करतेय. तिचा चेहरा वाचायचा प्रयत्न केला. माझ्यासमोर उभे राहणारे गायक हेच करत असतील.

उजवा कान वयाला शोभेल असा. डावा उतारावरून गडगडलेला.

मी म्हटलं, हेडफोनची सवय, काय करणार. त्यांनी मान हलवली नाही. "वयाने उतरतात ते दोन्ही कान जोडीने उतरतात. एकटाच उतरतो ते मला आवडत नाही. शिट्टी ऐकू येते?" हो. "कधीपासून?" वर्षभर. "चालताना तोल?" मी नाही म्हणणार होते. नवरा म्हणाला, "कठडा धरते हल्ली." ह्याने बघितलं होतं तर!

स्कॅन लिहून दिला. सोमवारचा नंबर मिळालाय. त्यांना सगळं तपासून घ्यायची सवय दिसते. बरी आहे ती सवय.

गुरुवार, २० फेब्रुवारी

काळा लावला. हेडफोन उजव्या कानावर. कामाचा कान बदलला की हातही चुकतात. तीनदा चुकीचं बटण दाबलं. संगीतकार शेजारच्या खुर्चीत. त्याला आधी दाराबाहेर उभं करून सगळं सांगितलं होतं. वाटलं, आता तासभर ऐकावं लागणार. तो एवढंच म्हणाला, "मला वाटलं, तुम्हाला माझं मत चालत नाही."

बाईंनी आधी कागद मागितला. काचेजवळ धरून, वरपासून खालपर्यंत वाचला. "आणि हे स्कॅनचं?" सोमवारी, म्हटलं. कागद परत दिला आणि आत जाऊन उभ्या राहिल्या.

पहिलं गाणं पुन्हा घेतलं. काळा माइक काही चकाकवत नाही. आवाज जिथे आहे तिथेच ठेवतो. वरची जागा दोनदा फुटली. दोनदा मी बटण दाबून म्हणाले, "फुटली." संगीतकार खुर्चीत आक्रसला. बाईंनी काचेतून माझ्याकडे बघितलं आणि तिसऱ्यांदा इतकी अलगद ठेवली ती जागा की माझा हात बटणावरून मागे आला.

"आता?" आतून विचारलं.

"ठेवते," म्हटलं.

शनिवार, २२ फेब्रुवारी

तीन दिवसांत पाच गाणी. सहावं अवघड आहे, त्याआधी बाईंनी विश्रांती मागितली.

काळाच ठेवते म्हणून दुकानदाराला कळवलं होतं, तो चंदेरी न्यायला आला. माइक चांगला आहे, म्हटलं, ज्याचा आवाज जाड आहे त्याला द्या, खुलेल. पण माझं नाव सांगून विकू नका. "का हो ताई?" मी सांगितलं का ते. सरळ सांगितलं. तो पेटीची कडी लावत राहिला, मग म्हणाला, माझ्या वडिलांना आम्ही तीन वर्षं 'हट्टी' म्हणत होतो, ते ऐकतच नव्हते म्हणून. शेवटी कळलं, ऐकूच येत नव्हतं.

घरी हलकी हलकी आले.

सोमवार, २४ फेब्रुवारी

स्कॅन झाला. नळीत झोपवतात. यंत्र ठोकतं, गुरगुरतं, मधेच एकाच सुरावर अडून बसतं. बाहेर आल्यावर तिथल्या माणसाला म्हटलं, तुमचं यंत्र बेसूर आहे. तो हसला नाही. पडद्याकडे बघत होता. म्हणाला, "डॉक्टर सांगतील."

बुधवार, २६ फेब्रुवारी

डाव्या कानाच्या नसेवर गाठ आहे. बोराएवढी. कर्करोग नाही, हे डॉक्टरीणबाईंनी पहिल्या वाक्यात सांगितलं, मग नवऱ्याला पाणी दिलं. मेंदूला टेकायला आली आहे. आणखी वर्षभर राहिली असती तर अर्धा चेहरा लुळा, चालणं बंद, कदाचित जीवही गेला असता. लोक पडायला लागल्यावर येतात म्हणे, तुम्ही इतक्या लवकर कशा आलात? मी म्हटलं, एका गायिकेने कागद मागितला म्हणून. शस्त्रक्रिया दहा मार्चला. डावा कान पूर्ण जाणार.

बाईंना फोन केला. सहावं गाणं उद्या सकाळी दहाला.